पुण्याची नोकरी, वीस लाखांचं कर्ज आणि वडिलांचे आठ माग

नमस्कार ताई,

मी 23 वर्षांची आहे, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. यंदा मेकॅनिकलची बी. ई. झाले. वडिलांचे टॉवेलचे आठ माग आहेत. एका मोठ्या कारखानदाराकडून सूत येतं, वडील मजुरीवर विणून देतात. आई पूर्वी विड्या वळायची.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, विकसनशील देशाचं भविष्य पदवीधर उद्योजकांच्या हातात आहे,’ असं ते म्हणाले. तेव्हापासून डोक्यात शाळेच्या गणवेशाचं युनिट घोळतंय. मी 20 लाखांचा प्रकल्प अहवाल करून घेतला: 16 लाखांची मशिनरी, 4 लाख खेळतं भांडवल. कर्ज मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून. एक एजंट म्हणतो, ‘पाच टक्के द्या, मंजूर करून आणतो.’ दुसरीकडे कॅम्पसमधून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मिळाली आहे. वर्षाला साडेतीन लाख, पुढच्या महिन्यात जॉइनिंग. वडील म्हणतात, ‘हितं काय ठेवलंय? जा की पुण्याला.’ मला वाटतं, शिकलेली सगळीच हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली तर सोलापूरचं काय होणार? मी काय करू?

– पूर्व भागातली एक वाचक

पोरी,

आधी देशाच्या विकासाचं ओझं खाली ठेव. कर्ज घ्यायचं की नोकरी, हा प्रश्न तुझ्या घराचा आणि तुझ्या पुढच्या पाच वर्षांचा आहे. पाहुणे शाल-नारळ घेऊन गेले. हप्ता त्यांना भरायचा नाही.

शिवाय त्यांच्या त्या टाळ्यांच्या वाक्यात घोळ आहे. आपल्या देशात धंदा करणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. सरकारच्याच 2023-24 च्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात निघाले. अमेरिकेत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत आहे. सात रस्त्यावर गाडी लावणारा, रानात ज्वारी करणारा, घरबसल्या काज-बटण करणारी बाई आणि तुझे वडील, सगळे या 58 टक्क्यांतच आले. यातल्या बहुतेकांनी धंदा धरला तो ठरल्या तारखेला पगार देणारं कोणी भेटलं नाही म्हणून. टंचाई आहे ती पाच कामगारांचे पन्नास आणि पन्नासांचे पाचशे करणाऱ्या कारखान्यांची.

शिकलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या अहवालात 2022 सालचे आकडे आहेत: आपल्याकडच्या पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात 3.4 टक्के. अडाण्याला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर बापाच्या जिवावर थांबतो, एमपीएससीचा क्लास लावतो, वाट बघतो. मग धोरणं आखणाऱ्यांना वाटतं, हे रिकामे आहेतच तर यांनाच उद्योजक करू.

ट्युनिशियाने हे करून पाहिलंय. 2009-10 पासून तिथल्या विद्यापीठांत शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रबंधाऐवजी व्यवसायाचा आराखडा लिहिण्याची मुभा दिली. सोबत प्रशिक्षण आणि मार्गदर्शक. अर्ज आलेल्यांतून काहींना सोडत काढून घेतलं, त्यामुळे घेतलेले आणि राहिलेले यांची तुलना चोख करता आली. वर्षभराने बघितलं तर स्वयंरोजगारातला फरक शंभरात 1 ते 4 जणांचा. आणि कामाला लागलेल्यांची एकूण संख्या वाढलीच नव्हती, जी मुलं नोकरीत गेली असती त्यातलीच काही धंद्यात आली एवढंच. पुढच्या काही वर्षांत तोही फरक विरला.

मग पैसा दिला तर? नायजेरियाने 2011 मध्ये मोठी स्पर्धा घेतली. सुमारे 24 हजार अर्ज आले, 1,200 जण जिंकले, आणि प्रत्येकाला सरासरी 50 हजार डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. तीन वर्षांनी या विजेत्यांचे धंदे इतरांच्या तुलनेत जास्त संख्येने उभे होते, दहापेक्षा जास्त माणसं कामाला असण्याचं प्रमाणही त्यांच्यात बरंच जास्त होतं. म्हणजे पैशाने फरक पडतो, हे मी नाकारत नाही. पण ती रक्कम बक्षिसाची होती, परत करायची नव्हती. तुझ्या समोर आहे ते कर्ज.

ते कर्ज नीट बघू. या योजनेत महिलांना स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात आणि शहरी भागात 25 टक्के अनुदान आहे. म्हणजे 20 लाखांत तुझा 1 लाख, अनुदान 5 लाख, उरलेले 14 लाख बँकेचे. अनुदानाची रक्कम तुझ्या हातात येत नाही. ती बँकेत तुझ्या नावाने तीन वर्षं अडकून राहते, युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळती होते. हे एजंट लोक कधी सांगत नाहीत. 14 लाखांवर समज 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिना 30 हजारांच्या पुढे, वर्षाला साधारण 3 लाख 65 हजार. सुरुवातीला सहा महिने सवलत मिळाली तरी व्याज चालूच राहतं.

आता गणवेशाचा हंगाम धर. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, दुकानदाराला माल एप्रिल-मेमध्ये लागतो. म्हणजे राजस्थानातल्या भिलवाड्याचं कापड तू थंडीतच उचलणार, तेही बहुधा रोखीने, कारण नव्या पार्टीला उधारी कोण देतो? शिलाईची मजुरी दर आठवड्याला. आणि दुकानदाराचे पैसे शाळा सुरू झाल्यावर, काहींचे थेट दिवाळीत. एका जोडीला कापड, शिलाई, बटणं, पॅकिंग मिळून कच्च्या हिशेबाने 350 रुपये पकड. तुझ्या 4 लाखांत 1,140 जोड्या होतात. दोन बऱ्या शाळा धरल्या की भांडवल संपलं. जोडीमागे 60 रुपये सुटले असं मानलं तरी हंगामाला 68 हजार. हप्ता 3 लाख 65 हजारांचा. 16 लाखांची मशिनं उरलेलं वर्ष झाकून ठेवावी लागतील. ज्याने हा अहवाल तुला करून दिला, त्याने तो बँकेच्या नमुन्यात बसवला आहे, गणवेशाच्या धंद्यात नाही. मशिनरीवर कर्ज सहज दिसतं म्हणून मशिनरी फुगवायची, ही जुनी रीत आहे.

कायदा म्हणशील तर तो तुझ्या बाजूचा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असं 2006 चा कायदा सांगतो. एप्रिल 2024 पासून तर वेळेत न दिलेली रक्कम माल घेणाऱ्याला त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की फोन उचलले जातात. पण पहिल्याच हंगामात गिऱ्हाइकाला कलम दाखवणारा पुरवठादार दुसरा हंगाम बघत नाही, हे चाटी गल्लीतला कोणीही कापडवाला सांगेल.

एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. या योजनेचा अर्ज ऑनलाइन आहे, उद्यम नोंदणी फुकट आहे, आणि जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करायला कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही. 20 लाखांचे पाच टक्के म्हणजे 1 लाख. जेवढं स्वतःचं भांडवल घालायचं, तेवढंच त्याच्या खिशात. आणि कर्ज नामंजूर झालं तर तो परत करेल, या भ्रमात राहू नकोस.

एवढं वाचून वाटेल, ताई म्हणतात जा पुण्याला. थांब. आधी बांगलादेशातली एक गोष्ट सांगते, कारण ती शिलाईचीच आहे.

1979 साली बांगलादेशातून तयार कपड्यांची निर्यात जवळजवळ नव्हतीच. नुरुल कादर नावाचे सनदी सेवेतून बाहेर पडलेले गृहस्थ होते. त्यांनी ‘देश गारमेंट्स’ कंपनी काढली आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. त्या करारात 130 जणांना कोरियात बुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. बहुतेक जण शिकलेले तरुण होते, त्यात बायकाही होत्या. त्यांनी तिथे कटिंग, लाइन कशी लावायची, क्वालिटी कशी तपासायची, बोटीची तारीख कशी पाळायची हे सगळं कामावर उभं राहून शिकून घेतलं. परत आल्यावर 1980 मध्ये ‘देश गारमेंट्स’चं उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत त्या 130 पैकी 115 जण ती कंपनी सोडून गेले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काही नव्या कारखान्यांत वरच्या जागेवर गेले. आज बांगलादेशच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे. शिलाई तर शिकलेच, पण ‘देश गारमेंट्स’ने पैशाची एक वाटही बसवली. परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशाची हमी, आपल्या बँकेत ठेवायचं, त्याच्या जोरावर कापड पुरवणाऱ्याला दुसरं पतपत्र द्यायचं. स्वतःचे पैसे न घालता कापड हातात. जी गाठ तुझ्या 4 लाखांत बसली आहे, ती त्यांनी सोडवली होती, आणि ती धंद्याच्या आत असलेल्या माणसालाच दिसते. बाहेरून अहवाल लिहिणाऱ्याला मशीन दिसतं.

म्हणून माझं उत्तर असं: नोकरी घे, पण हिंजवडीची नको. सोलापुरातच घे, गणवेशाच्या किंवा टॉवेल-निर्यातीच्या एखाद्या मोठ्या युनिटमध्ये. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बघ, चिंचोळीला बघ. दीड-दोन वर्षं धर. टेस्टिंगमध्ये वाईट काही नाही, पण तिथे दोन वर्षांनी तुला टेस्टिंग येईल. तुला गणवेश करायचा आहे ना?

आपल्या गावचे वालचंद हिराचंद घे. 1882 साली सोलापुरात जन्मले, घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यांना तो नको होता. त्यांनी ठेकेदारीत पाऊल टाकलं ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर, आणि फाटक हे रेल्वेतले जुने कारकून. रेल्वेचं काम आतून कसं चालतं ते त्यांना ठाऊक होतं. सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइटचं काम होतं. जहाजं, विमानं, मोटारी हे सगळं नंतरचं. आणि हो, ते पुढे सोलापुरात राहिलेही नाहीत. कोणी त्यांना त्याबद्दल बोल लावत नाही, उलट आपण कॉलेजला त्यांचं नाव दिलं. तेव्हा पुण्याच्या गाडीत बसणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना नावं ठेवू नकोस. घरात कर्ज असेल, धाकट्यांची फी तुंबली असेल, तर तूही खुशाल जा, माझं पुढचं काही ऐकू नकोस.

युनिटमध्ये कामाला लागलीस की ऑफिसमधल्या संगणकापुढे बसवायला बघतील. ‘इंजिनिअर पोरगी, शेडमध्ये कशाला?’ असं म्हणतील. तू शेडच माग. कटिंग मास्टर लेयर कशी टाकतो, मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांची आखणी, बसवताना किती कापड वाचवतो, हे उभं राहून बघ. गणवेशात कापडाचाच खर्च मोठा असतो, त्यात दोन टक्के वाचले तर तेच नफ्यात जातात. मग डिस्पॅच बघ, मग उधारीची वही. कोणता दुकानदार कधी पैसे देतो, कोण माल परत पाठवतो, कोणत्या शाळेचा ठेका कोणाकडून होतो, हे कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. (तुझ्याच मालकाची गिऱ्हाइकं पुढे पळवायची नाहीत, हे सांगायला लागू नये. सोलापूर लहान आहे, दोन दिवसांत कळतं.)

आणि रविवारी वडिलांच्या मागांवर बस. इथे तुझी पदवी लगेच उपयोगी पडेल.

मुंबईजवळच्या सुती कापडाच्या कारखान्यांत स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2008 पासून एक प्रयोग केला. काही कारखान्यांना फुकट सल्लागार दिले. सल्लागारांनी नवं यंत्र आणलं नाही. माग कधी आणि का बंद पडला ते लिहायला लावलं, फॉल्ट कुठून येतो ते मोजायला लावलं, सुताचा साठा रंगाप्रमाणे मांडून त्याची यादी केली, यंत्राची देखभाल ठरल्या दिवशी सुरू केली. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. ते कारखाने सरासरी पावणेतीनशे कामगारांचे होते, तुमचे आठ माग, त्यामुळे तोच आकडा तुमच्याकडे निघेल असं नाही. पण ज्या मालकांना वाटत होतं की आपलं सगळं बरोबर चाललंय, त्यांना मोजल्यावरच कळलं, ही गोष्ट आठ मागांनाही लागू आहे.

एक साधी वही कर. मागाचा नंबर, बंद पडल्याची वेळ, कारण, चालू झाल्याची वेळ. कारणं मोजकीच असतील: सूत तुटलं, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपला, वीज गेली, काही मोडलं, कामगार आला नाही. दिवसाअखेर सेकंड्समध्ये, म्हणजे डागी मालात, किती नग गेले ते लिही. तीन महिने हे झालं की कोणता माग वडिलांना किती पडतो ते समोर येईल. मजुरीवर विणणाऱ्याला दर ठरवण्याचा अधिकार फारसा नसतो, पण बंद वेळ आणि सेकंड्सची कपात या दोन गोष्टी त्याच्या शेडमध्येच घडतात. वडील चिडतील. चाळीस वर्षांच्या हाताला वहीने शिकवलेलं कोणाला आवडतं? कामगारही बिचकतील, ही नोंद आपल्या मजुरीवर येणार असं त्यांना वाटेल. म्हणून पहिल्याच दिवशी सांग की वही मागाची आहे, माणसाची नाही, आणि तो शब्द पाळ.

वडिलांचं ‘हितं काय ठेवलंय’ हलक्यात घेऊ नकोस. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी या गावाने बंद पडताना पाहिली, लक्ष्मी-विष्णूही गेली. चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सोलापुरी म्हणून भलत्याच गावचा माल विकला जातो, हेही ते रोज बघतात. त्यांनी अनुभवातून काढलेला निष्कर्ष आहे तो. त्याला व्याख्यानातलं वाक्य हे उत्तर होऊ शकत नाही. तीन महिन्यांची वही कदाचित होईल. कर्जाचा विषयही तेव्हाच काढ, आणि तेव्हा 20 लाखांचा नको. पहिला हंगाम दुसऱ्याच्या मशिनवर जॉबवर्कने शिवून घे, स्वतःचे पैसे फक्त कापडात घाल, दोन-तीन शाळा धर. त्या हंगामात पैसे वेळेत आले तर पुढच्या कर्जाला तुझ्याकडे दाखवायला खरी बिलं असतील. बँक मॅनेजरही अहवालापेक्षा बिलं आधी बघतो.

पगाराचं बोलून घे. सोलापुरातली युनिट सुरुवातीला हिंजवडीच्या निम्मंच म्हणतील, आणि घरची माणसं ‘घरूनच तर येतेस, जेवणखाण घरचं’ असं म्हणून तेही खाली ओढतील. पुण्याचं भाडं, मेस, जाणं-येणं वजा करून बघितलंस तर फरक वाटतो तेवढा राहत नाही, पण म्हणून फुकट राबायचं नाही. नेमणुकीचं पत्र लेखी घे, भविष्य निर्वाह निधी कापतात का विचार, आणि सहा महिन्यांनी पगार परत बोलायचा हे आजच ठरव. पत्र द्यायला कां-कूं करणाऱ्या ठिकाणी जाऊ नकोस, दुसरं बघ.

आणि हिंजवडीच्या कंपनीला जायचं नसेल तर जॉइनिंगच्या आधी मेल करून स्वच्छ कळव, कॉलेजच्या प्लेसमेंट सरांनाही सांग. बरीच मुलं फोन बंद करून बसतात. मग पुढच्या वर्षी ती कंपनी सोलापूरच्या कॉलेजात येत नाही, आणि तुझ्या मागच्या वर्गातल्या ज्या मुलीला ती नोकरी खरोखर हवी होती, तिची वाट बंद होते.